एकवीस सेशनचे पैसे भरण्याआधी

पत्र:

‘मॅडम, मी चिपळूणची. वय ४३, हायस्कूलमध्ये शिकवते. २२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही तिघं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो. तो दिवस आणि ती रात्र मी जिन्यात बसून पाण्यावर किती पायऱ्या उरल्यात ते मोजत होते. माणसं वाचली. घरातलं सगळं गेलं, यजमानांचं बाजारपेठेतलं दुकान गेलं. आता दोन्ही पुन्हा उभं राहिलंय. पण मे संपत आला की माझी झोप उडते. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवते. पाऊस लागला की रात्री तीन-चारदा उठून टॉर्च घेऊन गॅलरीतून रस्ता बघते. ओल्या चिखलाचा वास आला की छातीत धडधडतं, मळमळतं. वर्गात मुलांनी बाक ओढला तरी दचकते. यजमान म्हणतात, “किती वर्षं तेच धरून बसणार?” हल्ली माझी मुलगीही माझ्याबरोबर उठून बसते. ती आता तेरा वर्षांची आहे.

इंटरनेटवर एका ट्रॉमा थेरपिस्टची माहिती वाचली. पंधरा वर्षं कॉर्पोरेटमध्ये होत्या, स्वतःच्या दुःखातून सावरल्या, आता होलिस्टिक हीलिंग करतात. श्वास, ध्वनी, चक्रं, इनर चाइल्ड, पूर्वजन्म असं सगळं एकत्र. नावापुढे “सर्टिफाइड” आहे. एकवीस सेशनचे पैसे आधी भरायचे, रविवारपर्यंत सवलत. त्या म्हणाल्या, आघात शरीरात साठून राहतो, तो मुळापासून काढू, शंभर टक्के फरक पडेल. खरं असेल का हे? अशा व्यक्तीचं शिक्षण कसं तपासायचं?’

उत्तर:

ताई, पैसे अजून भरले नसतील तर भरू नका. तुमच्या बाकीच्या प्रश्नांच्या आधी हे सांगते, कारण रविवार जवळ आहे. घाबरलेल्या माणसाला मुदतीची घाई दाखवून निर्णय घ्यायला लावणं आघाताच्या उपचारात बसत नाही. ज्या माणसाच्या हातून एका रात्रीत सगळा ताबा गेला, त्याला पहिल्याच पायरीवर ताबा परत मिळायला हवा. केव्हा यायचं, किती बोलायचं, केव्हा थांबायचं हे तुम्ही ठरवायचं. चांगल्या थेरपिस्टची माझी पहिली कसोटी हीच.

आता तुमच्याविषयी. पत्रावरून निदान करू नये आणि मी करणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टी एकमेकींना धरून आहेत: ठरावीक वासाने तो प्रसंग अंगावर येणं, साध्या आवाजाला दचकणं, तुटक झोप, सतत पहारा. मोठ्या संकटानंतर अशा तक्रारी महिनोन्‌महिने राहिल्या आणि रोजचं जगणं अडायला लागलं की त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात पीटीएसडी. १९८० मध्ये मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात त्याची अधिकृत नोंद झाली, आणि तेव्हापासून त्यावर उपचार शोधून, तपासून, पुन्हा तपासून पाहिले गेले आहेत. इतकी वर्षं झाली म्हणून उशीर झाला असं अजिबात नाही. घटनेनंतर वीस-वीस वर्षांनी आलेली माणसंही बरी होतात.

एक गोष्ट मात्र त्या यादीतून बाहेर काढा. कागदपत्रं माळ्यावर ठेवणं हे लक्षण नाही, शहाणपण आहे. तुम्ही पूररेषेच्या आत राहता. जलसंपदा खात्याने नकाशावर निळी आणि लाल रेषा उगीच आखलेली नाही. त्यामुळे उपचाराने तुमची भीती संपूर्ण पुसून टाकायची नाही, तिला तिच्या जागी बसवायचं आहे. नदी इशारापातळीजवळ गेली की जागं राहणं योग्य. साधी सर आली आणि नदी पार खाली असताना चारदा उठणं, यावर काम करायचं. तुमच्या थेरपिस्टला हा फरक कळला पाहिजे. कोकणातल्या पुराची काहीच कल्पना नसलेला एखादा माणूस ‘सगळं तुमच्या मनात आहे’ असं म्हणेल, आणि ते तुमच्यावर अन्याय करणारं ठरेल.

शिक्षण कसं तपासायचं ते आता सविस्तर सांगते, कारण इथे गोंधळ फार आहे. ‘ट्रॉमा थेरपिस्ट’ किंवा ‘हीलर’ अशी पाटी आपल्याकडे कोणीही लावू शकतं. दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सनंतरही ‘सर्टिफाइड’ लिहिता येतं. म्हणून पाटी सोडा, खालची पदवी बघा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेले डॉक्टर. इथे सांगितलेल्या मंडळींपैकी औषध तेच देऊ शकतात आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, म्हणजे आरसीआयकडे. १९९२ च्या कायद्याने ही परिषद आहे. त्यासाठी एम.ए. किंवा एम.एस्सी.नंतर आजवर बहुतेकांनी दोन वर्षांचं एम.फिल. केलेलं असतं, आणि ती दोन वर्षं रुग्णालयात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली, खऱ्या रुग्णांसोबत गेलेली असतात. परिषदेच्या नोंदवहीत नाव आणि क्रमांक शोधता येतो. पाच मिनिटांचं काम आहे.

समुपदेशकांचं तसं नाही. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केलेली कितीतरी मंडळी उत्तम काम करतात, पण त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं एकच सक्तीची नोंदणी नव्हती. २०२१ च्या कायद्याने आरोग्यसेवेतल्या इतर व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग आणला आणि त्यात समुपदेशकांचाही समावेश केला. तुम्ही मात्र आज, या आठवड्यात माणूस शोधताय. तेव्हा समुपदेशक असतील तर पदव्युत्तर पदवी कोणत्या विद्यापीठाची, प्रशिक्षणात प्रत्यक्ष माणसांसोबत किती काम केलं आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे सरळ विचारा.

देखरेखीचा प्रश्न तर पदवीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो कोणी विचारत नाही. आमच्या क्षेत्रात त्याला सुपरव्हिजन म्हणतात. थेरपिस्ट आपलं काम, अर्थात नाव-गाव झाकून, नियमितपणे अधिक अनुभवी थेरपिस्टसमोर मांडतो: इथे मी अडकलो, इथे माझी घाई झाली का? आघाताचं काम करणाऱ्यांना हे लागतंच. रोज दुसऱ्यांच्या काळरात्री ऐकताना ऐकणाऱ्याचाही तोल ढळतो. ‘तुम्ही सुपरव्हिजन घेता का?’ असं विचारल्यावर जी व्यक्ती आनंदाने सांगेल तिच्याकडे जा. जिला राग येईल तिच्याकडे जाऊ नका.

त्या बाई स्वतः दुःखातून सावरल्या हे मला चांगलंच वाटतं. त्याने माया येते, संयम येतो. पण आपला रस्ता दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, आणि तो कुठे लागू पडणार नाही हे ओळखायला प्रशिक्षण लागतं. कॉर्पोरेटमधली पंधरा वर्षं या बाबतीत मोजायची नाहीत. ‘शंभर टक्के’ हा शब्द तर कोणत्याही प्रशिक्षित माणसाच्या तोंडून येणार नाही.

आघाताचं खास प्रशिक्षण कोणतं, हाही प्रश्न आहेच. ज्यांच्यामागे भक्कम अभ्यास आहे अशा पद्धती मोजक्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत दोन मानसोपचारांची नावं ठळकपणे घेतली: आघातावर केंद्रित वर्तन-विचार उपचार, म्हणजे सीबीटी, आणि ईएमडीआर. पहिल्यात तुम्ही टाळत असलेल्या आठवणीकडे आणि जागांकडे, ठरवून, बेताबेताने परत जाता. त्या रात्रीतून मनाने काढलेले निष्कर्षही तपासता. ‘मी झोपले तर पाणी येईल आणि दोष माझा असेल’ हा असाच एक निष्कर्ष. तो तुमच्या मनात आहे की नाही मला माहीत नाही, पण पहारा देणाऱ्या पुष्कळ आयांच्या मनात असतो. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून त्याच वेळी थेरपिस्टच्या हलत्या बोटांचा नजरेने पाठलाग करायचा असतो. फ्रॅन्सीन शपिरो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत मांडली. बोटांची ती हालचाल नेमकी काय करते यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत, पण या उपचाराने लोकांना आराम पडतो हे वारंवार दिसलंय. हेसुद्धा शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत शिकून होत नाही. अमेरिकेतल्या ईएमडीआर संघटनेच्या निकषांत मूलभूत प्रशिक्षणालाच वीस तास शिकणं, वीस तास सराव आणि दहा तास तज्ज्ञांशी सल्लामसलत लागते.

सेशन किती? ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१८ च्या सूचनांत आघातावरच्या सीबीटीसाठी साधारण आठ ते बारा सेशन म्हटले आहेत. आघात लहानपणापासूनचा, पुन्हा पुन्हा झालेला असेल तर जास्त लागतात. तुमचं किती चालेल हे चार-पाच भेटींनंतर अंदाजाने सांगता येईल. न भेटता एकवीसचा आकडा ठरवायला आधारच नाही.

आता ‘आघात शरीरात साठतो’ याविषयी. यात खरं आहे आणि फुगवलेलंही आहे. चिखलाचा वास आला की तुम्ही विचार करण्याआधी काळीज धडधडतं, पोटात ढवळतं, खांदे आवळतात. हे खरोखरच शरीरात घडतं आणि शरीराला वगळून उपचार करणं अपुरं आहे. मेंदूची धोक्याची यंत्रणा त्या रात्री जी चालू झाली ती पूर्ण बंद झालीच नाही, आणि ती यंत्रणा हृदय, श्वास, आतडी, स्नायू या सगळ्यांना कामाला लावते. पण म्हणून आघात कमरेत किंवा एखाद्या चक्रात गाठ होऊन बसलाय आणि कोणी दाबून, वाजवून तो बाहेर काढील, असं नाही. पूर्वजन्माचं तर सोडाच. संमोहनासारख्या अवस्थेत ‘आठवणी’ काढायला गेलं की न घडलेल्या गोष्टीही खऱ्यासारख्या आठवू लागतात, हे प्रयोगांत दिसून आलेलं आहे. तुमची खरी आठवण पुरेशी जड आहे, त्यात भर नको.

मग सर्वांगीण, म्हणजे खऱ्या अर्थाने होलिस्टिक, उपचार कसा दिसतो? तो पहिल्या भेटीतल्या प्रश्नांत दिसतो. थेरपिस्ट तुम्हाला विचारेल: झोप किती, चहा किती, पाळी नियमित आहे का? ४३ व्या वर्षी धडधड, घाम, रात्री जाग येणं हे रजोनिवृत्तीकडे जातानाही होतं, थायरॉइडने होतं, रक्त कमी असलं तरी होतं. म्हणून फॅमिली डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची चाचणी, आधी तपासून घ्या. मग विचारेल: दुकान उभं करायला कर्ज काढलं का, हप्ते कसे चाललेत? विम्याचे पैसे मिळाले का? शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत, ज्यांच्या जिन्यात बसलात त्यांच्याकडे जाता का? पूर्वी काय आवडायचं, ते अजून करता का? देवपूजा, भजनी मंडळ, सकाळचं फिरणं यातलं काय सुटलं? बुडालेल्या दुकानाचा हप्ता आणि तुटलेली झोप एकाच माणसाच्या वाट्याला आलेली असते, आणि एकाकडे दुर्लक्ष करून दुसरं सुधारत नाही. माझ्या मते सर्वांगीण दृष्टी ही अशी असते. सतरा पद्धतींची मोट बांधली म्हणजे ती येत नाही.

श्वास, योगासनं यांना माझा विरोध नाही, उलट मी त्यांचा वापर करते. आघातातून गेलेल्या स्त्रियांना मूळ उपचाराच्या जोडीला योगाने मदत झाल्याचे अभ्यास आहेत. पण शिकवणाऱ्याला आघाताची जाण हवी. डोळे मिटून शवासनात पडून राहणं काहींना शांत करतं आणि काहींना थेट त्या रात्रीत नेऊन सोडतं. श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं की धडधड वाढणारे लोकही मी पाहते. दहा दिवस मौन पाळण्याच्या शिबिराला तर सध्या जाऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. ते वाईट म्हणून नव्हे. आठवण अशी उघडी असताना तिच्यासोबत एकटं बसायची ही वेळ नाही.

भेट मिळेपर्यंत पावसाच्या रात्री एवढं करून बघा. जाग आली की गॅलरीत जाण्याआधी दिवा लावा. डोळे उघडे ठेवा. दोन्ही पाय फरशीवर टेकवा, टाचा दाबा, फरशीचा गारवा जाणवू द्या. आजची तारीख आणि वर्ष मोठ्याने म्हणा. पुरानंतर घेतलेल्या, खोलीतल्या पाच वस्तू शोधून त्यांची नावं घ्या: हे कपाट नवं, हा पंखा नवा. हे महत्त्वाचं आहे, कारण त्या रात्री यातलं काहीच नव्हतं. मग श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घ्या, चार-पाच वेळा. धडधड वाढली तर श्वासाकडे लक्ष देणं थांबवा आणि वस्तूंकडे परत या. त्यानंतरही बघावंसं वाटलं तर एकदा बघा आणि झोपा. पहारा एकदम बंद करायचा नाही, चारावरून तीनवर आणायचा. झोपेची गोळी मात्र कोणाची तरी घेऊन खाऊ नका. त्या गोळ्यांची सवय लागते आणि मूळ त्रास तसाच राहतो. औषध लागलंच तर त्यासाठी वेगळी औषधं आहेत, ती मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

पहिल्या दोन-तीन भेटींत कोणी ‘त्या रात्री काय काय झालं ते सगळं सांगा’ म्हणून खणायला लागलं तर थांबवा. आधी पाय टेकायला जमीन, मग आठवण, हा क्रम आघाताच्या कामात जुना आहे. तुम्ही हात वर केलात की थेरपिस्टने थांबायचं, असा संकेत आधीच ठरवून घ्या. तुम्हाला न विचारता स्पर्श करणाऱ्या, इतर रुग्णांच्या कहाण्या सांगणाऱ्या, डॉक्टरांची चालू औषधं बंद करायला लावणाऱ्या माणसाकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. तुमची माहिती गुप्त राहणं ही कोणाची मेहरबानी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तो तुम्हाला हक्क दिलाय.

कुठे जायचं? तुमच्या जिल्ह्यात रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नावाला बिचकू नका. तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, दाखवून त्याच दिवशी घरी परत येता येतं. फोनवरून सुरुवात करायची तर केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीतही मिळते. कधी जगणंच नको वाटलं तर वाट न बघता याच क्रमांकावर बोला आणि घरातल्या एकाला जवळ बसवा. ऑनलाइन थेरपी घ्यायलाही हरकत नाही, पण तुम्ही नेमक्या पावसात बोलणार आहात. सेशनच्या मधेच लाइट गेली, रेंज गेली तर काय करायचं, हे जो थेरपिस्ट स्वतःहून पहिल्या भेटीत ठरवतो त्याला या कामाची जाण आहे असं समजा. आणि बोलायला घरात दार लागणारी खोली हवी. शाळा सुटल्यावर रिकामा वर्ग मिळाला तर तोही चालेल.

यजमानांविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीय, पण मला ती ओळ पुन्हा वाचावीशी वाटली. दुकान त्यांचं गेलं होतं. त्यांनी ते परत उभं केलं. ‘तेच धरून बसू नका’ हे ते तुम्हाला सांगतात तेव्हा कदाचित स्वतःलाही सांगत असतात. आपल्याकडे बाप्यांना रडायची मुभा नाही, कामाला लागायची आहे. त्यांच्याशी वाद घालू नका, मदत मागा. ‘मला समजावू नका, पाऊस लागेल त्या रात्री नदीची पातळी तुम्ही एकदा बघा आणि मला सांगा, म्हणजे मी झोपेन,’ असं काहीतरी ठोस. दुकानदार माणसाला काम सांगितलेलं कळतं. थेरपिस्टकडे एखाद्या भेटीला त्यांनाही बोलवता येईल, तुमची इच्छा असेल तर.

लेकीचं मात्र लांबवू नका. पुराच्या वेळी ती नऊ वर्षांची असणार. तिला सगळं आठवत असणार, आणि आता ती तुमचा चेहरा बघून पाऊस किती धोक्याचा ते ठरवते. तिला रात्री नव्हे, दिवसा, चांगलं ऊन असताना सांगा: नदीकडे लक्ष ठेवायचं काम मोठ्यांचं आहे, बाबांचं आणि माझं, तुझं नाही, तू झोपायचं. धोका असलाच तर तिला केव्हा उठवणार आणि कुठे जायचं हेही सांगा. नेमकी योजना कळली की मुलं शांत होतात. त्या दिवसाविषयी ती आपणहून बोलली तर ऐका, विषय बदलू नका, पण खोदूनही काढू नका. पावसाळा नसतानाही तिची झोप, अभ्यास, भूक बिघडलेली दिसली, किंवा ती शाळेत जायला कुरकुर करू लागली, तर तिलाही दाखवा. मुलांसोबत काम करण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं. तुमचा थेरपिस्ट तिच्यासाठी चालेलच असं धरू नका, तेही विचारून घ्या.